वाळूचं पोतं

तेव्हा एकच फाइल होती.
तिच्यात दोन ओळी :
एक माझ्या टेबलावरच्या खोट्या डेटाबेसची,
एक यार्डाच्या खऱ्या.
ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या की ती झोपते,
पुसल्या की जागी होते.
दिवसातून चारदा मी एकीला झोपवायचे, दुसरीला उठवायचे,
आणि सन्मती म्हणायचा, हे कधीतरी अंगाशी येणार.

आलं. मंगळवारी, साडेअकराला.
खाली सौदे सुरू, की-बोर्डच्या फटीत नेहमीची पिवळी भुकटी,
आणि मी बटण दाबून बघितलं, निरोप जातो का.
गेला.
तीनशे बारा जणांना गेला :
आपली ४० पोती हळद, दर रुपये १, विकली गेली.

चूक झोपलेल्या ओळीची नव्हती,
जागीची नव्हती.
कोण झोपलंय ते मी बघितलं नव्हतं, एवढंच.

शांतिनाथ मगदूम जिना चढून आले,
मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा
फोन दोन बोटांत धरून.
काही बोलले नाहीत. टेबलावर ठेवला.
संध्याकाळपर्यंत मी माफीच मागत होते,
नंतर नंतर तर फोन वाजायच्या आधीच.

शेवटचा फोन सातला.
"दस्तगीर मुजावर बोलतोय, हरिपुरातनं.
एकतीस वर्षं तोलाईला होतो मी यार्डात.
माझी चाळीस पोती इकलीस म्हणं.
माझ्याकडं चाळीस रुपयं सुट्टं न्हाईत, पोती कुठली?
पण बाई, इकलीस ती इकलीस,
एका रुपयानं व्हय?"

मी सगळं सांगितलं. दोन ओळी, तिरक्या रेघा.
पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.
"नवं पोरगं आलं की आमी त्येला वाळूचं पोतं द्यायचो.
हळदीला हात न्हाई लावायचा.
वाळू उचल, वाळू काट्यावर टाक, वाळूचं वजन वरडून सांग.
आन् त्या पोत्याला काथ्याची गाठ.
दिवा गेला तरी हाताला कळाया पायजे
ह्यो माल न्हवं."

त्या रात्री मी घरी गेले नाही.
एका फाइलीच्या दोन केल्या.
यार्डाचा पासवर्ड फक्त यार्डाच्या सर्व्हरवर,
माझ्या लॅपटॉपला तो आता ठाऊकच नाही,
उलटा टांगून विचारलं तरी सांगता येणार नाही.
एखादी सेटिंग द्यायची राहिली
तर प्रोग्राम उठतच नाही, तोंड फिरवून पडून राहतो.
पूर्वी अंदाजानं उठायचा, आणि ते जास्त वाईट होतं.
माझ्या पडद्यावर वर एक जाड तपकिरी पट्टी :
काथ्याची गाठ.

सकाळी सन्मतीनं जुनी फाइल उघडली,
त्यातला पासवर्ड पाच वर्षांपासून जसाच्या तसा,
आमच्या सोडून गेलेल्या तिघांना पाठ.
तोही बदलला. बदलताना दोघंही गप्प होतो.

एकच गोष्ट उरली :
खोटे निरोपही कुठेतरी पोचावे लागतात,
नाहीतर पोचतात की नाही ते कळायचं कसं?
सन्मती म्हणाला, तुझा नंबर टाक.
मी हरिपूरला फोन लावला.
"येऊ देत की," ते म्हणाले. "मला कोण निरोप धाडतंय?"

आता माझ्या बाजूच्या फाइलीत
घेणारा एकच आहे.
दस्तगीरचाचा रोज हळद विकतात,
कधी गठ्ठा, कधी कणी, कधी राजापुरी,
आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन येतो :
पोचलं. भाव कमी लावलास.
त्यामुळे मी खाली जाऊन फलक बघून येते हल्ली,
खोटा भाव लावण्याआधी.

काल साठ पोती विकली त्यांची.
फोन जरा उशिरा आला.
"पोती साठ, आन् पैसं एकोणसाठांचं.
बघ गं जरा."

मी मोजत गेले, ओळीमागून ओळ.
शेवटचं पोतं
हिशोबात धरलंच जात नव्हतं.